'माइंड' या इंग्रजी शब्दासाठी फ्रेंचमध्ये कोणता शब्द घ्यावा?

अनुवादिनी:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि त्यासोबत भाषांतराची कामेही घेते. नाशिकजवळच्या एका योगकेंद्राची 40 पानांची इंग्रजी माहितीपुस्तिका फ्रेंचमध्ये नेण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे, कारण त्या केंद्रात हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियममधून साधक येतात. या पुस्तिकेत 'माइंड' हा शब्द नाम आणि क्रियापद मिळून 34 ठिकाणी आला आहे आणि त्याच्यापाशी माझे काम आठवडाभर अडून बसले आहे.

दालनात शिरताना पायरीकडे लक्ष द्यावे, पादत्राणे बाहेर काढण्यास आपली हरकत नसावी, पुढील नियम ध्यानात ठेवावेत, शरीर आणि मन यांचा मेळ साधावा, चंचल मनाला आवर घालावा, मनःशांती लाभावी, मन आणि बुद्धीच्या पलीकडच्या साक्षीला ओळखावे, असे जे जे आपण मराठीत वेगवेगळ्या शब्दांनी सांगू, ते सारे इंग्रजीत एकट्या 'माइंड'वर भागवलेले आहे. पहिल्या खर्ड्यात मी नाम असेल तिथे सरसकट 'एस्प्री' घातले. तो खर्डा वाचून माझ्या ओळखीच्या एका फ्रेंच बाईंनी विचारले की, हे केंद्र एखाद्या धर्मपंथाचे आहे का. त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण ख्रिस्ती पवित्र आत्मा हा 'एस्प्री', भूतप्रेत हे 'एस्प्री', मद्यार्क हाही जुन्या बोलीत 'एस्प्री', आणि एखाद्याच्या बोलण्यातली चमक किंवा हजरजबाबीपणा तोही 'एस्प्री'च. 'आम' घ्यावे तर तो थेट आत्मा होतो. 'माँताल' म्हणजे 'मानसिक' घ्यावे तर मला तरी त्यातून रुग्णालयाचा वास येतो. अशा वेळी आपण काय करता? एकच शब्द धरून चालावे, की प्रत्येक वाक्यापाशी नव्याने विचार करावा?

यंत्रभाषा:
मी वाहनउद्योगातील दुरुस्तीपुस्तिकांची इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतरे करतो, त्यामुळे माझे मत थोडे कडक वाटेल. आमच्याकडे काम सुरू होण्यापूर्वी शब्दसूची तयार होते आणि एका संज्ञेला एकच प्रतिशब्द ठरतो. इंजिनाच्या पिळाला, म्हणजे टॉर्कला, फ्रेंचमध्ये 'कूप्ल' म्हणतात. या शब्दाचा रोजच्या भाषेत 'जोडपे' असा अर्थ होत असला, तरी पुस्तिकेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'कूप्ल'च राहते आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. वाचकाला दोन पानांवर दोन शब्द दिसले की, या दोन वेगळ्या वस्तू असाव्यात असे तो समजतो. आपण पहिल्या पानावर 'एस्प्री'चा आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ एका वाक्यात सांगावा आणि मग तोच शब्द अखेरपर्यंत पाळावा, असे मी सुचवेन. केवळ क्रियापदाच्या जागा वेगळ्या काढाव्यात.

निवृत्त_मास्तर:
अनुवादिनीताई, मी तीस वर्षे शाळेत फ्रेंच शिकवले आहे. यंत्रभाषा यांची शिस्त मला मान्य आहे, पण ती संज्ञेला लागू पडते आणि आपल्या 34 जागांपैकी बऱ्याच जागी 'माइंड' ही संज्ञाच नाही. तो इंग्रजी वाक्प्रचाराचा एक तुकडा आहे, आणि वाक्प्रचार बदलला की तो तुकडा आपोआप गळून पडतो.

मत बदलणे हे फ्रेंचमध्ये 'शाँझे दाव्ही', म्हणजे तिथे 'आव्ही' अर्थात मत येते. एखादी गोष्ट विसरली तर ती डोक्यातून निघून गेली असे म्हणतात, तिथे 'तेत' म्हणजे डोके येते. दृष्टीआड झालेली व्यक्ती इंग्रजीत माइंडमधून जाते, पण फ्रेंचमध्ये 'ल्वँ दे झ्यू, ल्वँ द्यु कर', म्हणजे डोळ्यांपासून दूर ते हृदयापासून दूर. पायरीची सूचना 'आताँस्यों आ ला मार्श' अशी होईल, तिथे उरते ते केवळ लक्ष. पादत्राणांच्या विनंतीत तर कोणतेही नाम लागणार नाही, 'कृपया' एवढ्याने काम होते, आणि इंग्रजीतील सौजन्य फ्रेंच वाचकाला तेवढ्यातच पोचते. उलट मनःशांतीला 'त्राँकिलिते देस्प्री', प्रसंगावधानाला 'प्रेझाँस देस्प्री' आणि मनोवृत्तीला 'एता देस्प्री' हे रूढ प्रयोग आहेत. तिथे 'एस्प्री' कोणाला खटकणार नाही आणि कोणाला भूतही आठवणार नाही, कारण शब्दाचा अर्थ त्याचे शेजारी ठरवतात.

मी वर्गात मुलांना नेहमी असे सांगत असे की, आधी ते इंग्रजी वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहा. मराठीत जिथे 'मन' येईल तिथे फ्रेंचमध्ये काय येईल याचा विचार पुढे करू, पण मराठीत जिथे लक्ष, हरकत, मत, आठवण, विचार किंवा डोके येईल, तिथे फ्रेंचमध्येही 'एस्प्री' येणार नाही हे जवळजवळ नक्की समजावे. ही युक्ती दर वेळी बरोबर ठरते असे नाही, तरी निम्म्याहून अधिक चुका तिने टळतात.

शाल्मली:
मास्तर, एक भर घालते. आपले 'मन', लॅटिन 'मेन्स' आणि इंग्रजी 'माइंड' हे तिन्ही एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. जुन्या इंग्रजीत 'माइंड'च्या पूर्वजाचा अर्थ प्रामुख्याने स्मरण असा होता, म्हणून ध्यानात ठेवण्याच्या आणि आठवण करून देण्याच्या इंग्रजी प्रयोगांत तो अजून टिकून आहे. फ्रेंचने मात्र लॅटिन 'मेन्स' हे नाम वारशात घेतलेच नाही. ते तिथे वेगळ्याच जागी जिवंत राहिले. 'लाँत्माँ' म्हणजे सावकाश यासारख्या फ्रेंच क्रियाविशेषणांच्या शेवटी जो 'माँ' ऐकू येतो, तो लॅटिन 'मेन्ते' आहे, म्हणजे मूळ अर्थ 'संथ मनाने'. फ्रेंच माणूस दिवसभरात शेकडो वेळा मन उच्चारतो, पण त्याला हवे असते तेव्हा ते नाम म्हणून हाताशी नसते. श्वास आणि प्राण या अर्थाच्या 'स्पिरितुस'पासून आलेल्या 'एस्प्री'ला म्हणूनच एवढे ओझे वाहावे लागते.

तर्कशेष:
शाल्मली यांनी जिथे सोडले तिथून पुढे नेतो. तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न मला फार जवळून भेटला आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने आपली चिंतने 1641 साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली. त्यात मनासाठी 'मेन्स' हा शब्द आहे. 1647 साली द्यूक द ल्वीन यांचे फ्रेंच भाषांतर आले. त्यात दुसऱ्या चिंतनाच्या शीर्षकातील 'मेन्स'चे 'एस्प्री' झाले, आणि तत्त्वज्ञानाच्या फ्रेंचमध्ये हा शब्द स्थिरावला. पण खरी कसोटी पुढच्या पिढीत लागली, जेव्हा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा इंग्रजी ग्रंथ फ्रेंचमध्ये आणायची वेळ आली. ते काम पिएर कॉस्त याने केले आणि त्याचे भाषांतर 1700 साली ॲम्स्टरडॅममध्ये छापले गेले. कॉस्त हा दक्षिण फ्रान्समधील प्रोटेस्टंट होता. 1685 साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेली मुभा काढून घेतली, तेव्हा देशाला मुकलेल्या हजारोंपैकी तो एक. पुढे इंग्लंडमध्ये ओट्स या गावी लेडी मॅशम यांच्या मुलाचा शिक्षक म्हणून तो राहिला. त्याच घरात लॉकही आपली अखेरची वर्षे राहत होता. भाषांतरकाराला एखादी शंका आली तर जिना उतरून लेखकाला विचारावे, असे भाग्य आपल्यापैकी कोणाला मिळाले आहे? आणि तरीही कॉस्त अनेक ठिकाणी अडला. तो कुठे अडला हे पाहिले की, आपली अडचण आपल्या अज्ञानातून आलेली नाही याचा दिलासा मिळतो.

लॉकने 'माइंड' म्हणजे आरंभी एक कोरा पांढरा कागद आहे अशी कल्पना केली. कॉस्तने त्या वाक्यात दोन बदल केले. 'माइंड'साठी त्याने तिथे 'एस्प्री' न घेता 'आम' घेतले, आणि पांढऱ्या कागदाची 'ताब्ल राझ' केली. रोमन लोक मेणाच्या पाटीवर लिहीत आणि ती घासून पुन्हा कोरी करीत, त्या पाटीची ही जुनी, विद्वानांच्या तोंडी रुळलेली प्रतिमा. आज कोऱ्या पाटीची कल्पना सर्रास लॉकच्या नावावर सांगितली जाते, पण त्या प्रसिद्ध वाक्यात त्याने कागद लिहिला होता. इतर बऱ्याच ठिकाणी कॉस्त 'माइंड'ला 'एस्प्री' म्हणतो. म्हणजे ज्याच्या घरातच लेखक होता, त्या भाषांतरकारानेही एका शब्दाचा हट्ट धरला नाही.

दुसरी अडचण याहून मोठी होती. आपल्याला काही जाणवते आहे याची जाणीव, या अर्थाचा लॉकचा इंग्रजी शब्द आणि सदसद्विवेकबुद्धी या अर्थाचा इंग्रजी शब्द हे दोन वेगळे शब्द आहेत. फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी एकटा 'कोंस्याँस', आणि त्या काळी तो मुख्यतः विवेकाच्या अर्थाने चालणारा. कॉस्तने त्या शब्दाच्या मधोमध एक छोटी आडवी रेघ घालून 'कों-स्याँस' असे लिहिले, आणि आपण या शब्दाला त्याच्या नेहमीच्या वाटेवरून का वळवतो आहोत याचा खुलासा तळटीपेत केला. एका रेघेवर त्याने नवा अर्थ उभा केला. ही रेघ पुढे गळून पडली आणि अर्थ मात्र भाषेत राहिला. आज 'कोंस्याँस' या शब्दाला जाणीव आणि विवेक हे दोन्ही अर्थ आहेत.

आणखी एक उदाहरण देतो आणि थांबतो. माणसाला काही करायला लावणाऱ्या अस्वस्थतेसाठी लॉकने वापरलेल्या शब्दाला कॉस्तने 'अँक्येत्यूद' म्हटले, पण तो तिरप्या ठशात छापून हा शब्द नेमका नाही, अशी कबुली दिली. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने लॉकचा ग्रंथ याच फ्रेंच भाषांतरातून अभ्यासला आणि त्याला उत्तर लिहिताना याच शब्दाचा धागा पकडला. जर्मनमध्ये घड्याळाच्या हलत्या तोलचक्राला 'उनरुहे' म्हणजे अस्वस्थता असेच म्हणतात, आणि आपल्या शरीराचेही तसेच आहे, ते कधी पूर्ण स्वस्थ नसते, असे त्याने दाखवले. अपुऱ्या वाटलेल्या प्रतिशब्दातून एवढा सुंदर विचार निघाला, याचे मला वाचताना प्रत्येक वेळी अप्रूप वाटते.

अनुवादिनी:
तर्कशेष, मनापासून आभार. कोऱ्या कागदाची हकीकत वाचून मी चमकले, कारण या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर असे वाक्य आहे की, दररोज सकाळी 'माइंड' म्हणजे एक कोरा कागद असतो. त्याबद्दल शेवटी विचारीन. मास्तरांच्या युक्तीने मी काल रात्री 12 जागा मोकळ्या केल्या. उरल्या त्या खऱ्या अवघड आहेत, कारण तिथे मराठीतही 'मन'च येते.

मॉन्ट्रियलची_माई:
मी कॅनडात कायदेविषयक भाषांतरे तपासते. इथे संसदेच्या कायद्यांचे इंग्रजी आणि फ्रेंच हे दोन्ही पाठ सारखेच अधिकृत असतात, फ्रेंच पाठ हे इंग्रजीचे भाषांतर आहे असे न्यायालयात म्हणता येत नाही. त्यामुळे इथले मसुदाकार 'माइंड'पाशी काय करतात हे पाहण्यासारखे आहे. फौजदारी संहितेत मानसिक विकाराची व्याख्या इंग्रजीत 'माइंडचा रोग' अशी आहे. फ्रेंच पाठात 'एस्प्रीचा रोग' असे लिहिलेले नाही, तिथे 'मालादी माँताल' आहे. नाम गेले आणि त्याच्या जागी विशेषण आले. दुसरीकडे मृत्युपत्रात माणूस 'सँ द कॉर ए देस्प्री', म्हणजे देहाने आणि मनाने धडधाकट असल्याचे म्हणतात, आणि तिथे 'एस्प्री' अगदी चपखल बसतो. अनुवादिनी, आपल्याला 'माँताल'मधून रुग्णालयाचा वास येतो तो या विशेषणाच्या वापरामुळे.

युनेस्कोची घटना 1945 साली लंडनमध्ये स्वीकारली गेली. तिच्या प्रास्ताविकात युद्धांचा उगम माणसांच्या मनात होतो, असे वाक्य आहे. इंग्रजीत तिथे 'माइंड'चे अनेकवचन आहे आणि फ्रेंचमध्ये 'दाँ लेस्प्री दे झोम' असे एकवचन आहे. माणसे अनेक, पण प्रत्येकाचे मन एक, म्हणून एकवचन. आपणही 'लोकांच्या मनात' असेच म्हणतो, 'मनांत' असे म्हणायची वेळ क्वचित येते. आपल्या पुस्तिकेत कुठे अनेकवचन असेल तर तेवढे जरूर तपासून घ्यावे, कारण 'एस्प्री' अनेकवचनात गेले की भुतांची शंका पुन्हा डोके वर काढते. अपवाद एकच: जमावाचे किंवा समाजाचे मन शांत करणे अशा अर्थी फ्रेंच अनेकवचन बिनधास्त वापरतात.

यंत्रभाषा:
वरील सर्व प्रतिसाद वाचले. वाक्प्रचारांबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो. एका मुद्द्यावर मात्र अजून ठाम आहे. ज्या जागा खरोखर संज्ञेच्या आहेत, म्हणजे जिथे पुस्तिका योगाची एखादी संकल्पना शिकवते आहे, तिथे एका संकल्पनेला एकच शब्द हवा. कॉस्तने केले ते मोठ्या ग्रंथात तळटिपांसह केले. साधकाच्या हातातल्या पुस्तिकेत तळटिपांना जागा नसते.

पाठशाळा:
यंत्रभाषा यांच्या याच मुद्द्यापासून माझे म्हणणे सुरू होते. एका संकल्पनेला एक शब्द हे बरोबर आहे, पण संकल्पना मोजायच्या तर त्या इंग्रजीत मोजून चालणार नाही. या पुस्तिकेतील इंग्रजी हे स्वतःच भाषांतर आहे. त्याच्या मागे संस्कृत उभे आहे, आणि संस्कृतात ती एक वस्तू नाही.

योगसूत्रांतील दुसरेच सूत्र 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः' असे आहे, तिथे 'चित्त' हा शब्द आहे. धारणेसाठी मनाची योग्यता येते असे सांगणाऱ्या दुसऱ्या पादातील 53व्या सूत्रात 'मनस्' आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन चंचल म्हणतो तेही मन. आणि तिसऱ्या अध्यायाच्या 42व्या श्लोकात इंद्रियांपलीकडे मन आणि मनापलीकडे बुद्धी अशी स्पष्ट पायरी सांगितली आहे. सांख्यांनी बुद्धी, अहंकार आणि मन असे तिहेरी अंतःकरण मानले, वेदान्त्यांनी त्यात चित्त धरून चार केले. इंग्रजी पुस्तिका लिहिणारा या सर्वांना कित्येकदा 'माइंड' म्हणून मोकळा होतो. आता जर आपण इंग्रजीतला एक शब्द पाहून फ्रेंचमध्ये एक शब्द ठेवला, तर आपण शिस्त पाळली असे होणार नाही, आपण गोंधळाची नक्कल केली असे होईल. 'मन आणि बुद्धीच्या पलीकडचा साक्षी' या वाक्यात तर मनाला 'एस्प्री' म्हटले की बुद्धीला शब्दच उरत नाही, कारण फ्रेंच 'एस्प्री'च्या पोटात बुद्धी आधीच बसलेली आहे.

हा प्रकार नवा नाही. गीता फ्रेंचमध्ये पहिल्यांदा 1787 साली पारो यांनी नेली, तीही संस्कृतावरून नाही, चार्ल्स विल्किन्स यांच्या 1785 च्या इंग्रजी भाषांतरावरून. संस्कृतावरून थेट केलेले एमिल ब्यूर्नूफ यांचे फ्रेंच भाषांतर 1861 साली आले. म्हणजे पाऊण शतक फ्रेंच वाचकाला गीतेतले मन दुसऱ्या भाषेच्या खिडकीतूनच पाहावे लागले. आपल्याला ते करण्याचे कारण नाही. आपण मराठी आहोत, चित्त, मन, बुद्धी हे शब्द आपल्या घरातले आहेत. केंद्राला पत्र लिहून प्रत्येक जागी मूळ शब्द कोणता ते विचारावे आणि मग त्या शब्दाचे भाषांतर करावे. माझ्या मते 'चित्त' तसेच ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात उलगडावे, 'मनस्'ला 'ल माँताल' म्हणावे आणि बुद्धीला 'अँतेलिझाँस'.

अनुवादिनी:
पाठशाळा, आपण 'ल माँताल' सुचवता आणि मी नेमकी त्यालाच बिचकते आहे. विशेषण म्हणून तो शब्द ठीक, पण नाम म्हणून तो प्रतिष्ठित फ्रेंचमध्ये चालतो का?

तूलूझची_स्नेहल:
मी गेली 11 वर्षे फ्रान्समध्ये राहते आणि आठवड्यातून दोनदा इथल्या योगवर्गाला जाते, म्हणून कानावर पडते ते सांगते. नाम म्हणून 'ल माँताल' अगदी चालतो, पण तो दोन ठिकाणी राहतो. एक म्हणजे खेळाच्या बातम्यांत: टेनिसपटूचे 'माँताल' भक्कम आहे म्हणजे तो दडपणाखाली ढासळत नाही. दुसरे म्हणजे योगवर्गात, जिथे डोक्यात सतत चाललेली विचारांची बडबड म्हणजे 'माँताल', आणि ती शांत करायची असते. श्री अरविंदांच्या लेखनाच्या फ्रेंच भाषांतरांतही मनासाठी 'ल माँताल' आणि त्यापलीकडच्या अवस्थेसाठी 'ल स्युप्रामाँताल' हे शब्द आहेत, आणि त्या भाषांतरांमागे त्यांच्या सहकारी, पॅरिसमध्ये जन्मलेल्या माताजी होत्या. त्यामुळे योगविषयक फ्रेंचमध्ये या शब्दाला परकेपणा नाही, आणि योगाला येणाऱ्या साधकांना त्यातून रुग्णालय आठवणार नाही.

मात्र एक धोका सांगते. वर्गात ऐकलेल्या 'माँताल'ला हलकीशी नकारात्मक छटा आहे. चंचल मनाला आवर घालणे यासाठी तो उत्तम आहे. पण 'निर्मळ मन' किंवा 'शरीर आणि मन' अशा जागी तो नको. तिथे 'कॉर ए एस्प्री' हीच जोडी सर्वांच्या तोंडी बसलेली आहे. मूळ संस्कृतात दोन्हीकडे मनस् असले तरी फ्रेंचमध्ये इथे दोन शब्द करावे लागतील असे मला वाटते. पाठशाळा यांना हे पटेल की नाही ठाऊक नाही.

आणि पुस्तिकेत 'माइंडफुलनेस' असेल, तर त्याला फ्रेंचमध्ये 'प्लेन कोंस्याँस' हा शब्द आता पुरता रूढ आहे, म्हणजे 'पूर्ण जाणीव'. तर्कशेष यांनी सांगितलेली कॉस्तची रेघ इथवर पोचली, हे वाचून मला फार आनंद झाला. इगतपुरीला विपश्यनेला बसलेल्यांना पालीतील 'सति' हा शब्द परिचित असेल. त्यासाठी पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द वापरला. 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति', आणि शाल्मली म्हणाल्या तसे 'माइंड'चाही जुना अर्थ स्मरणच. इंग्रजीत ते नाते शब्दाच्या आत टिकले. फ्रेंच शब्दात स्मरण पूर्ण नाहीसे झाले आणि जाणीव तेवढी उरली.

पाठशाळा:
स्नेहलताई, 'शरीर आणि मन' या जोडीबाबत आपले म्हणणे मान्य. ती जोडी संस्कृत ग्रंथातील संज्ञा नव्हे, ती आजच्या बोलण्यातली आहे. सूत्रांचा अर्थ सांगितला असेल तिथे मात्र मनस्ला दोन शब्द करू नयेत.

अनुवादिनी:
आठ दिवसांनी परत येते आहे. केंद्राला पत्र लिहिले, त्यांनी तत्परतेने प्रत्येक जागेचा मूळ शब्द कळवला. 34 जागांचा हिशेब आता असा आहे: 12 जागी 'माइंड'चे नावही उरले नाही, तिथे लक्ष, मत, डोके किंवा नुसते सौजन्य आले. 9 जागी 'एस्प्री' राहिला, त्यात मनःशांती आणि देहासोबतची जोडी आहे. 7 जागी 'ल माँताल', सर्व मनस्साठी आणि सर्व चंचलतेच्या संदर्भात. 3 जागी 'चित्त' तसेच ठेवून पहिल्या वेळी उलगडले. 2 जागी 'प्लेन कोंस्याँस'. यंत्रभाषा यांच्या सांगण्यावरून या सर्वांची शब्दसूची करून केंद्राला दिली, म्हणजे पुढच्या आवृत्तीत कोणी दुसरा भाषांतरकार आला तरी तो वाट चुकणार नाही.

उरली एक जागा, पहिल्या पानावरचा कोरा कागद. 'ताब्ल राझ' घ्यावे तर आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जुने सगळे मोडून टाकणे असा होतो. कोरे पान म्हणावे तर लिहायला काही सुचत नसलेल्या लेखकाची धास्ती डोळ्यांपुढे येते. मी 'एस्प्री' आणि 'फय ब्लाँश', म्हणजे कागदाचा पांढरा ताव, असे करण्याच्या बेतात आहे.

निवृत्त_मास्तर:
'फय ब्लाँश' चालेल. पण पाठशाळा यांचा प्रश्न इथेही विचारावा: हे वाक्य मुळात इंग्रजीत सुचलेले आहे का?

अनुवादिनी:
मास्तर, आपल्या प्रश्नावरून आज सकाळी केंद्रात दूरध्वनी केला. हे वाक्य तिथल्या गुरुजींच्या एका मराठी प्रवचनातले निघाले. ते म्हणाले होते, "रोज सकाळी मन पुसलेल्या पाटीसारखं असतं." इंग्रजीत नेणाऱ्याने पाटीचा कागद केला होता.

तर्कशेष:
कॉस्तने कागदाची पाटी केली आणि इथे पाटीचा कागद झाला! आपण ती पुन्हा पाटी करावी. शाळेच्या दगडी पाटीला फ्रेंचमध्ये 'आर्द्वाझ' म्हणतात.

निवृत्त_मास्तर:
'आर्द्वाझ'ला दुकानातली उधारी असाही एक अर्थ आहे, पण 'पुसलेली' हे विशेषण सोबत असले आणि वाक्य सकाळच्या मनाविषयी असले की, वाचकाला शाळेचीच पाटी दिसेल. आणि 'सारखं' सोडू नये, गुरुजींनी मन पाटी आहे असे म्हटलेले नाही.

अनुवादिनी:
ठरले. 'शाक मातँ, लेस्प्री ए कॉम यून आर्द्वाझ एफासे.' आज संध्याकाळी हे पान केंद्राकडे पाठवते आहे, आणि इंग्रजी आवृत्तीतला कागदही बदलावा, असे सोबतच्या पत्रात सुचवले आहे.